आयकिडो: सुरुवात पडण्यापासून

अबोली

चाळिशीनंतरच्या छंदांवरच्या धाग्यात मी सहज आयकिडो या जपानी युद्धकलेचं नाव घेतलं आणि व्यनि (व्यक्तिगत निरोप) यायला लागले. प्रश्न बहुतेकांचे तेच. वय चालतं का, मारामारी असते का, गुडघे जातात का, आणि रत्नागिरीत हे आलं कुठून? प्रत्येकाला वेगळं टंकण्यापेक्षा इथेच लिहिते. मी जाणकार वगैरे नाही, अजून पांढऱ्या पट्ट्यातच आहे. पण सुरुवातीला काय काय होतं ते पांढऱ्या पट्ट्यालाच नीट आठवतं. काळे पट्टेवाले पार विसरलेले असतात.

थोडी पार्श्वभूमी. मोरिहेई उएशिबा (१८८३-१९६९) यांनी ही विद्या घडवली. ताकेदा सोकाकु यांच्याकडे ते दाइतो-र्यू ही जुनी जुजुत्सू (निःशस्त्र लढण्याची जपानी विद्या) शिकले, पुढे ओमोतो या जपानी धर्मपंथाच्या देगुची ओनिसाबुरो यांच्या सहवासात आले. सांधे बांधायचं तंत्र पहिल्यांकडचं, ते कशासाठी वापरायचं हा विचार दुसऱ्यांकडचा. आयकिडो हे नाव १९४२ च्या सुमारास ठरलं. समोरचा अंगावर आला की त्याच्या रेषेतून बाजूला व्हायचं, त्याचा तोल काढून घ्यायचा आणि त्याला इजा न करता खाली आणायचं, असा एकंदर मामला. ठोसे-लाथांवर भर नाही. आयकिकाई या मुख्य परंपरेत स्पर्धाच नाहीत.

स्पर्धा नाहीत याचा एक अगदी आपल्याकडचा परिणाम सांगते. दहावीला क्रीडागुण मिळतील अशा खेळांना पालक मुलांना पाठवतात. इथे स्पर्धाच नाही तर गुण कुठले? त्यामुळे आमच्या वर्गात पोरंटोरं कमी आणि पतपेढीतले, शाळेतले, एक बागायतदार, दोन नर्स असे आम्ही जास्त. मला विचाराल तर हे चांगलंच आहे. कोणालाच कोणाच्या पुढे जायचं नसतं.

आता मुख्य मुद्दा. पहिल्या दिवशी तुम्हाला कोणी डाव शिकवणार नाही. दारात वाकून नमस्कार, मग आपण वज्रासनात बसतो तसं बसायचं (सेइझा), मनगटांचे ताण, आणि मग पडणं. त्यानंतर कितीतरी आठवडे पडणंच.

मागे पडताना एक पाय मागे घेऊन गुडघा वाकवायचा, टाचेजवळ बूड टेकवायचं, पाठ गोल करायची आणि लोळायचं. हनुवटी छातीला, नजर पट्ट्याच्या गाठीवर. गाठ दिसत राहिली तर डोकं आपटत नाही. पुढे पडताना उजवा पाय पुढे असेल तर उजव्या हाताची करंगळीकडची कड जमिनीला लावायची, कोपर मोडू न देता हात गोल ठेवायचा, मग खांद्याची मागची बाजू, तिथून तिरकं पाठीवरून डाव्या कुल्ल्यापर्यंत, आणि तसंच उभं राहायचं. शाळेतली कोलांटी मानेवरून जाते. ही मान चुकवून जाते. धप्प आवाज आला की समजायचं, कुठेतरी कोपरा राहिला. दुसऱ्या दिवशी खांद्याच्या टोकाला निळा डाग असेल तर हात आधीच मोडला होता. माकडहाड दुखत असेल तर पाठ सपाट राहिली होती. आरशाची गरज नाही, डाग बघून कळतं.

लहान मुलं हे एका संध्याकाळी उचलतात. मोठ्या माणसाला जमिनीची भीती असते. ती जायला वेळ लागतो आणि ती घाई करून जात नाही. चटईवर गुडघे टेकून आधी बसल्या जागी लोळा, मग ओणवे होऊन, मग उभ्याने. कोणी पहिल्याच आठवड्यात तुम्हाला उभ्याने फेकायला लागलं तर सरळ वर्ग बदला.

पडणं जरा बसलं की जोड्या. एकजण धरतो किंवा मारायला येतो, तो उके. दुसरा तंत्र करतो, तो नागे. चार वेळा झालं, दोन उजवीकडून दोन डावीकडून, की अदलाबदल. म्हणजे निम्मा वेळ तुम्ही पडतच असता. नवीन माणसाला वाटतं हा निम्मा वेळ फुकट गेला. माझं मत अगदी उलट आहे. ज्याच्या मनगटातून तंत्र जातं त्याला ते आतून कळतं. तोल नेमका कुठे सुटला, खांदा कधी बांधला गेला, हे बघून कधीच कळत नाही.

दुखलं की चटईवर किंवा जोडीदाराच्या अंगावर थाप मारायची आणि समोरच्याने त्याच क्षणी सोडायचं. निक्यो नावाचा प्रकार आहे, त्यात मनगटातून अशी कळ जाते की गुडघे आपोआप टेकतात. तिथे शहाणपणा दाखवून सहन करत बसू नये. आणि शिहोनागेत, म्हणजे हात दुमडून खांद्यामागे नेऊन पाडतात त्यात, नवख्याला जोरात टाकलं तर डोकं मागून आपटू शकतं. जपानमध्ये या तंत्रात नवशिक्यांच्या डोक्याला गंभीर इजा झालेल्या आहेत. म्हणून वर्ग निवडताना शिक्षकाच्या भिंतीवरची प्रमाणपत्रं नंतर बघा. जुने विद्यार्थी नव्याला कसं खाली ठेवतात ते आधी बघा.

कपड्यांचं: कराटेचा पातळ ड्रेस धरला की काखेत फाटतो. जुडोचा जाड घ्यावा, पण तो कोकणातल्या पावसात तीन दिवस वाळत नाही. सुरुवातीला ट्रॅकपँट आणि लांब बाह्यांचा जुना टीशर्ट पुरतो. काळा घेरदार हाकामा बघून हुरळू नका, तो बहुतेक ठिकाणी काळ्या पट्ट्यानंतर मिळतो.

विचारा काय विचारायचं ते.


कुंपणावरचा

लेख चांगला आहे, पण थेट विचारतो. रात्री एसटी स्टँडवर कोणी खरंच अंगावर आला तर तो काय आधी माझं मनगट धरून उभा राहणार आहे? यूट्यूबवर पाहिलं. नागेने नुसता हात हलवला की समोरचा स्वतःहून हवेत उडी मारतो. सिनेमात स्टीव्हन सीगल करतो ते ठीक.


अबोली

उडी मारतो ते बरोबर पाहिलंत. कोतेगाएशीमध्ये मनगट बाहेरच्या बाजूला वळवतात. उके तिथेच ताठ उभा राहिला तर मनगट जातं. ते वाचवायला तो शरीर मनगटाच्या पलीकडे टाकतो. अर्थात प्रात्यक्षिकांत काही उके आधीच उडतात, ती नाटकं आम्हालाही कळतात. सीगल अभिनेता होण्याआधी जपानमध्ये आयकिडो शिकवत होता, एवढं त्याच्या बाजूने.

स्टँडचं म्हणाल तर सहा महिन्यांत स्वसंरक्षण हवं असेल त्याने इकडे येऊच नये. बॉक्सिंग शिका, जुडो शिका. मनगट धरण्याचे सराव हे तलवारीच्या काळातले आहेत, समोरच्याने तलवार उपसू नये म्हणून हात धरायचा. आज त्यांचा उपयोग अंतर आणि तोल शिकण्यापुरता. मी स्टँडवर काय करीन? पर्स देईन.


खाडीपलीकडे

चिपळूणला बरीच वर्षं जुडो शिकवतो, म्हणून दोन शब्द. पर्स देण्याला अनुमोदन.

दोन्ही विद्यांचं नातं जुनं आहे. जुडोचे संस्थापक जिगोरो कानो (त्यांची कोदोकान ही शाळा १८८२ ची) यांनी १९३० मध्ये उएशिबांचं प्रात्यक्षिक पाहिलं आणि आपल्या मोचिझुकी मिनोरु या विद्यार्थ्याला तिथे शिकायला पाठवलं. केन्जी तोमिकी हे तर दोघांचे शिष्य. त्यांनी आयकिडोत मुक्त सराव आणि स्पर्धा आणल्या, त्यांचा शोदोकान पंथ आजही वेगळा चालतो. शिओदा गोझो यांच्या योशिनकानमध्ये टोकियोचे दंगल नियंत्रण पोलीस शिकतात. म्हणजे सगळाच आयकिडो मवाळ असतो असं नाही.

माझा आक्षेप एवढाच की समोरचा खरा विरोध करतो तेव्हा काय होतं, हे आयकिडोवाल्याला फार उशिरा कळतं. आमच्याकडे पहिल्या महिन्यात कळतं आणि नाकही फुटतं. पण पडण्याच्या बाबतीत अबोलीताईंनी लिहिलंय ते शब्दशः खरं. आम्ही पडताना हाताने चटईवर चापट मारतो, तुम्ही लोळून उठता. फरशीवर पडायची वेळ आली तर तुमची पद्धत बरी, हाताला मार नाही.


नाना_गुहागर

वय एकसष्ट, सुपारीच्या वाडीत रोज वाकणं-बसणं आहे. डाव्या गुडघ्यातून कट्कट् आवाज येतो. मला जमेल का? आणि दुसरं, रागावू नका, पण आपली लाठी-काठी, आपला मल्लखांब सोडून जपान कशाला? मल्लखांब तर बाळंभटदादा देवधरांनी पेशवाईत पुन्हा उभा केला. घरचं टाकून शेजारचं गोड.


अबोली

नाना, रागावणार कशी? मल्लखांबावर चढायला मला या वयात कोण घेणार, एवढंच उत्तर आहे. लाठीचा वर्ग आमच्याजवळ निघाला तर तिकडेही जाईन.

गुडघ्याचं मात्र सविस्तर सांगते. धोका दोन जागी. एक, वज्रासनात बराच वेळ बसणं. दुसरा आणि मोठा म्हणजे शिक्को, गुडघ्यांवर चालणं, आणि गुडघ्यांवर बसूनच करायची तंत्रं. या दोन्हींना सरळ नाही म्हणायचं. आमच्याकडे दोघे मांडी घालून बसतात, कोणी काही बोलत नाही. वर्गाच्या आधीच शिक्षकांना सांगून ठेवायचं, मध्येच नाही. उभ्याने वळताना पाऊल आणि गुडघा एकाच दिशेला राहिले पाहिजेत. टेनकान म्हणजे पावलावर अर्धा फेरा घेऊन वळणं, त्यात पाऊल चटईला चिकटून राहिलं आणि वरचं शरीर फिरलं की गुडघा पिळवटतो. टाच किंचित हलकी ठेवली की सुटतं. पण कट्कट् आवाजाबरोबर सूज असेल तर आधी डॉक्टर, मग आयकिडो.

वाडीत रोज उकिडवं बसणारा माणूस तसाही खुर्चीतल्या माणसापेक्षा पुढे असतो. आमचे बागायतदार काका बघते ना.


बखरकार

आयकिडोला 'शांततेची युद्धकला' म्हणतात, ते बिरूद जरा जपून लावावं. उएशिबा रशिया-जपान युद्धात (१९०४-०५) स्वतः सैनिक होते. आधी उंची कमी पडली म्हणून नाकारले गेले होते, माणूस जेमतेम पाच फूट दोन इंचांचा. १९२४ मध्ये देगुचींबरोबर मंगोलियात नवं धर्मराज्य उभारायला निघाले, पकडले गेले आणि मृत्युदंडातून थोडक्यात वाचले. १९३१ मध्ये टोकियोत कोबुकान दोजो (सरावाची जागा) झाला तेव्हा पाठीराख्यांत अ‍ॅडमिरल ताकेशिता इसामु होते, आणि तीसच्या दशकात लष्कर-नौदलाच्या संस्थांतून ते शिकवत होते. शांतता कधी सुचली मग?


अबोली

तपशील बरोबर आहेत आणि मूळ लेखात ते यायला हवेत असं मलाही वाटतं. १९४२ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, ते टोकियो सोडून इबाराकीतल्या इवामा गावी शेती करायला गेले. युद्धानंतर अमेरिकी अंमलात युद्धकलांवर बंदी आली. १९४८ मध्ये आयकिकाईला सरकारी मान्यता मिळाली आणि मुलगा किशोमारू यांनी ती सामान्य लोकांसाठी खुली केली. आता यात किती मनपरिवर्तन आणि किती काळाची गरज, यावर तुम्ही वेगळा धागा काढा, मी येते वाचायला. माझ्यापुरतं बोलायचं तर ज्याने युद्ध जवळून पाहिलं त्याच्या शांततेला मी जास्त किंमत देते. कधीच न लढलेल्याने शांततेवर बोलणं सोपं असतं.


गजाली

अबोलीताय, वाचून हसाक इलां नि बरांय वाटलां. आमच्या गावात पडूक शिकवूक कोण नको, पावसात सगळे आपसूक पडतत! पण माका एक सांग, तुमची ती काठी जपानातसून कित्याक मागवक व्हयी?

(आता प्रमाणभाषेत, नाहीतर पुणेकर तक्रार करतील.) भावाच्या मुलाला मी 'जो' (आयकिडोतली सरावाची काठी) करून दिला. साधारण १२८ सेंटिमीटर लांब, अडीच सेंटिमीटर जाड, गोल, भरीव. कुडाळ-सावंतवाडीकडे माणगा बांबू आहे, बिनकाट्याचा आणि जवळजवळ भरीव. पावसाळा संपल्यावर तोडायचा, म्हातारी माणसं अमावास्येकडे तोडतात, भुंगा कमी लागतो म्हणून. सावलीत आडवा ठेवून वाळवायचा. उन्हात ठेवला की चिरतो. मग गाठी रंध्याने अगदी सपाट करायच्या. इथेच सगळं काम असतं, कारण जो हातातून सरकवतात आणि गाठ राहिली तर तळवा सोलतो. शेवटी पॉलिश पेपर आणि अळशीचं तेल, व्हार्निश नको, घामाने चिकट होतं. एकट्याच्या सरावाला उत्तम. जोडीने आपटायला मात्र मी देणार नाही, तडा गेला की सुरीसारखी धार येते. त्यासाठी लाकडीच घ्या.


अबोली

गजाली, याला म्हणतात प्रतिसाद. दोन जो राखून ठेवा, पैसे देऊन घेते. बोक्केनचं (लाकडी तलवार) काही जमतंय का बघा. जपानी लोक ओक वापरतात.


मोगरा

इतक्या तांत्रिक चर्चेत विचारू की नको कळत नाही. मी लांज्याची. बायका-पुरुष एकत्रच असतात ना? म्हणजे परक्या पुरुषाने हात धरायचा, पाडायचं. घरी काय सांगायचं? आणि मंगळसूत्र?


अबोली

मोगरा, हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि व्यनितही तोच सगळ्यात जास्त आला, फक्त कोणी उघड विचारत नाही.

हो, एकत्र असतात. जोडीदार सतत बदलतो, त्यामुळे उंच-बुटका, पुरुष-बाई सगळे वाट्याला येतात. धरायचं ते मनगट, कोपर, खांदा, ड्रेसची कॉलर. सुरुवात वाकून नमस्कार करून, शेवटही तसाच. पहिले काही दिवस अवघडल्यासारखं होतंच, मग मनगट हे मनगट राहतं. ज्याच्याबरोबर नको वाटेल त्याच्याबरोबर सराव करायचा नाही, शिक्षकाला कारण द्यावं लागत नाही. लागत असेल तर ती जागा चुकीची. आमच्याकडे एका नव्या मुलीने हे सांगितलं, सरांनी त्या माणसाला दुसऱ्या जोडीत टाकलं आणि पुन्हा विषय निघाला नाही. घरी सांगण्यापेक्षा घरच्यांना एकदा आणून कडेला बसव. सासूबाई तासभर बघून गेल्या आणि "हे तर नुसतं लोळणं आहे" म्हणाल्या, प्रश्न संपला.

दागिने सगळे काढायचे. मंगळसूत्र, बांगड्या, कानातलं, घड्याळ. त्यात वाद नको, ते जोडीदाराच्या बोटात अडकून त्याला इजा होते. जोडवी सगळे विसरतात. चटयांच्या फटीत जोडवं अडकलं आणि अंग पुढे गेलं की बोट जातं. निघत नसतील तर पांढरी चिकटपट्टी गुंडाळ. नखं हातापायाची कापलेली. केस बांधायचे, पण मागे क्लचर नको, त्यावरूनच लोळायचं असतं.


पाऊसवेडी

मी अबोलीच्याच वर्गात, तिच्यानंतर आले. तिने पावसाळ्यातल्या चटयांचं लिहिलंच नाही! जूनपासून हॉलमध्ये कुबट वास, खाली भुरी. आम्ही वर्ग संपल्यावर चटया भिंतीला उभ्या करतो, व्हिनेगरच्या पाण्याने पुसतो, पंखे लावून जातो. ओल्या चटईवर पाय घसरतो आणि अंगाला गजकर्ण येतं ते वेगळं. नवीन वर्ग बघायला जाल तेव्हा चटईचा कोपरा उचलून खाली बघाच.

आणि समुद्रावर सराव करायची हौस कोणाला असेल तर, भाट्याला आम्ही केलाय. फोटो छान येतात. कोरडी वाळू खांदा अडवते, लोळणं अर्ध्यात थांबतं. ओली वाळू फरशीइतकीच कडक. शिंपले वेगळे.

कुंपणावरच्यांना: गेल्या जुलैत आमच्या पाखाडीवर शेवाळावरून पाय गेला. जांभ्याच्या पायऱ्या, हातात दुधाची किटली. बसत बसत मागे गेले, हनुवटी छातीला कधी लागली कळलंही नाही. कोपर खरचटलं, डोकं शाबूत. दूध गेलं.


कुंपणावरचा

हे मात्र पटलं. आमच्या आईच्या खुब्याचं हाड न्हाणीघरात मोडलं होतं. सत्तरीच्या माणसाला फक्त पडणं शिकवतात का कुठे?


खाडीपलीकडे

खुबा मोडलेल्यांना लोळायला लावू नका, कोणी सांगितलं तरी. पण धडधाकट साठीच्या लोकांना मी गादीवर बसल्या जागी मागे लोळणं आणि हनुवटी आत घेणं शिकवतो. तेवढंही पुष्कळ. जमिनीवरून हात न टेकता उठता येईना, इथून सुरुवात करावी लागते. आईंसाठी आधी फिजिओथेरपिस्टला विचारा, आणि न्हाणीघरात पकडायला दांडा बसवा.


ठाण्याचा_चाकरमानी

गाव देवरुख. गणपतीत घरी आहे. तासभर येऊन बघता येईल का? मुलगी नऊ वर्षांची, तिलाही आणीन. लहान मुलांचे सांधे वळवतात का हो?


अबोली

मुलांना सांधे वळवायची तंत्रं आमचे सर शिकवत नाहीत. पडणं, वळणं, तोल आणि भरपूर खेळ. मनगटावर जोर नाही. तिला जरूर आण.

पण गणपतीत वर्ग बंद असतो, अर्धे लोक आरत्यांत आणि उरलेले भजनात. तुमचा पाच दिवसांचा की अनंताचा? वर्ग अनंत चतुर्दशीनंतरच्या सोमवारी सुरू होतो, संध्याकाळी सहाला. तोवर राहणार असलात तर व्यनि करा, पत्ता देते. पहिल्या दिवशी नुसतं बसून बघितलं तरी चालतं. मुलीला मात्र ट्रॅकपँट घालून आणा, ती बसणार नाही.